निरोप पोचतो, पण कोणाकोणाला?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय सारखा येतो आहे: मोबाइलला रेंज नसताना, इंटरनेट बंद असताना रेडिओवरून निरोप नेणारी छोटी यंत्रं, म्हणजे नोड. एक नोड निरोप दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि मधे ना टॉवर लागतो ना कुठली कंपनी. मी वायरलेस संच जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करते. हे नोड मला मनापासून आवडतात. पण पत्रांमधून डोकावणारी एक समजूत मला स्वस्थ बसू देत नाही, ती म्हणजे मधे कंपनी नाही म्हणून आपलं बोलणं आपोआप खासगी झालं. म्हणून या वेळचं सगळं सदर याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न: ताई, आमचा बारा जणांचा गट डोंगरांत भटकतो. आम्ही मेशटॅस्टिक या खुल्या प्रणालीवर चालणारे नोड घेतले, फोनमधल्या ॲपशी जोडले आणि लगेच बोलणं सुरू झालं. आपला प्रदेश निवडण्यापलीकडे काहीच सेटिंग करावं लागलं नाही. यात एईएस एन्क्रिप्शन, म्हणजे निरोप किल्लीने झाकायची पद्धत, असतं असं वाचलं. मग आमचं बोलणं सुरक्षित आहे ना?

उत्तर: बाकी काहीच सेटिंग करावं लागलं नाही, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बारा वेगवेगळ्या डब्यांतून निघालेले नोड एकमेकांशी लगेच बोलले, कारण त्या बाराही नोडांत एकच किल्ली आधीपासून भरलेली होती. तीच किल्ली तेराव्या, परक्या माणसाच्या नोडमध्येही आहे. ॲपमध्ये चॅनेलची किल्ली उघडून पाहिलीत तर ए, क्यू आणि पुढे बरोबरच्या दोन खुणा एवढंच दिसेल. तो जेमतेम एक बाइट आहे. त्यावरून फर्मवेअर, म्हणजे नोडच्या आतलं सॉफ्टवेअर, सोळा बाइटची ठरावीक किल्ली तयार करतं, आणि ती किल्ली सगळ्यांना वाचता येईल अशा खुल्या कोडमध्ये लिहिलेली आहे. एन्क्रिप्शन खरोखरच एईएस आहे, त्यात खोट नाही. फक्त कुलपाची किल्ली जगजाहीर आहे.

हे कोणी फसवायला केलेलं नाही. अनोळखी माणसांचे नोड भेटावेत, मेश म्हणजे नोडांचं जाळं वाढावं, म्हणून ते तसं ठेवलं आहे, आणि प्रकल्पाच्या माहितीपत्रकातही ते स्पष्ट लिहिलं आहे. पण ते वाचतं कोण? मीही वाचलं नव्हतं. आमच्या शोध आणि बचावाच्या स्वयंसेवक गटाच्या एका सरावाला मी सहा नोड डब्यातून काढून, प्रदेश तेवढा निवडून, जसेच्या तसे वाटले. दिवसभर मजेत बोललो. कोणाचा गुडघा दुखतोय, कोण एकटा मागे राहिलाय, सगळं त्यावरून. संध्याकाळी खाली उतरलो तर गाड्यांजवळ एक अनोळखी गृहस्थ आमची वाट पाहत उभे होते. त्यांच्याकडेही नोड होता. ते शांतपणे म्हणाले, "तुमची गाडीची चावी मागच्या उजव्या चाकावर आहे ना, ती आधी काढून घ्या. मी सकाळपासून ऐकतोय." चावी तिथेच होती. ते भले गृहस्थ होते म्हणून सांगायला थांबले. त्या दिवशी आमच्यातली एक मुलगी दोन तास एकटीच एका खिंडीत बसून होती आणि तिची जागा दर काही मिनिटांनी त्याच चॅनेलवर जात होती. तो विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे स्वतःचा चॅनेल करा, ॲपकडून २५६ बिटांची नवी किल्ली तयार करून घ्या आणि तोच चॅनेल पहिल्या जागेवर, म्हणजे प्राथमिक म्हणून ठेवा. नोड आपली जागा मुख्यतः प्राथमिक चॅनेलवर सांगतो. खासगी चॅनेल दुसऱ्या जागेवर ठेवून पहिला तसाच सोडला, तर गप्पा झाकल्या जातात आणि तुमचा ठावठिकाणा उघडा राहतो. ही चूक मी सर्वांत जास्त पाहते. चॅनेलचं नाव बदललं की नोड वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर सरकू शकतो, त्यामुळे आजूबाजूच्या इतर नोडांनी तुमचे निरोप पुढे न्यावेत असं वाटत असेल तर फ्रीक्वेन्सीचा स्लॉट हाताने पूर्वीचाच ठेवा. पुढे नेणाऱ्या नोडला किल्ली लागत नाही. तो बंद पाकीट तसंच पुढे देतो. आणि चॅनेलचा क्यूआर कोड एकमेकांच्या फोनवरून समोरासमोर स्कॅन करा. त्या क्यूआरमध्ये किल्ली असते. तो दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटात टाकला की नवी किल्ली केल्याचा उपयोग संपला.

प्रश्न: आम्ही हे सगळं केलं आहे. स्वतःची २५६ बिटांची किल्ली, समोरासमोर क्यूआर. एईएस आजवर कोणी फोडलेलं नाही असं म्हणतात. मग आता काळजीचं कारण उरलं का?

उत्तर: तुम्ही बहुतेकांच्या पुष्कळ पुढे आहात. आता बाहेरच्या माणसाला तुमचे शब्द वाचता येणार नाहीत. पण शब्द न वाचताही बरंच कळतं.

प्रत्येक निरोपाच्या पुढे सोळा बाइटचं डोकं असतं आणि ते झाकलेलं नसतं. ते झाकलं तर मधल्या नोडला निरोप पुढे कसा न्यायचा ते कळणार नाही. त्यात पाठवणाऱ्याचा नोड क्रमांक असतो, कोणासाठी आहे तो क्रमांक असतो, आणखी किती टप्पे जायचं ते असतं. नोड क्रमांक येतो चिपच्या हार्डवेअर पत्त्यातल्या शेवटच्या चार बाइटवरून, म्हणून ॲपमध्ये नाव कितीही बदललं तरी क्रमांक तोच राहतो. एखाद्याने आठवडाभर कानोसा घेतला तर तुमच्या गटात कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलतं याचा नकाशा त्याच्या हाती येतो. गटात सूचना कोण देतं हे ओळखायला शब्द लागत नाहीत.

दुसरी गोष्ट निरोपाच्या लांबीची, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट पाहावी अशी आहे. चॅनेलवरचं एन्क्रिप्शन एईएसच्या काउंटर पद्धतीने होतं. त्यात जितके बाइट आत, तितकेच बाहेर. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. "हो" म्हणजे ह आणि ओकार, सहा बाइट. "नाही" म्हणजे न, काना, ह, दीर्घ ईकार, बारा बाइट. तुम्ही प्रश्न विचारला आणि पलीकडून उत्तर आलं, तर ते होकार आहे की नकार, हे किल्लीशिवायही पाकिटाच्या जाडीवरून कळतं. माझ्या टेबलावर दोन नोड ठेवून आणि शेजारी एक स्वस्तातला रेडिओ रिसीव्हर लॅपटॉपला जोडून मी हे पाहिलं. दहा वेळा हो आणि नाही मिसळून पाठवले, आणि दहाच्या दहा वेळा नुसती लांबी बघून बरोबर ओळखले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. या पद्धतीत चॅनेलवरच्या निरोपाला कोणतीही मोहोर नसते. म्हणजे निरोप वाटेत बदलला गेला का, हे घेणाऱ्याला तपासता येत नाही. काउंटर पद्धतीत मजकुराचा एकेक बिट किल्लीतून निघालेल्या एकेका बिटाशी मिसळलेला असतो. झाकलेल्या मजकुरातला एक बिट उलटवला की उघडलेल्या मजकुरातला नेमका तोच बिट उलटतो, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. आता "उद्या सकाळी ७ वाजता" हा निरोप घ्या. देवनागरी ७ चे तीन बाइट आणि ९ चे तीन बाइट शेजारी ठेवले तर त्यांच्यात फरक आहे फक्त एका बिटाचा. तुमचे निरोप ठरावीक साच्याचे असतील, कितव्या जागी आकडा येतो हे कोणाला माहीत असेल आणि त्याचा नोड तुमच्या दोघांच्या मधल्या टप्प्यावर असेल, तर तो किल्ली नसतानाही ७ चे ९ करून निरोप पुढे सोडू शकतो. घेणाऱ्याचा नोड तो उघडेल, तुमचं नाव दाखवेल, आणि कुठेही शंकेची खूण येणार नाही. मी हे माझ्याच किल्लीने झाकलेल्या मजकुरावर लॅपटॉपवर करून पाहिलं. पडद्यावर ७ च्या जागी ९ आलेला बघून मी उठून खोलीत फेरी मारून आले. एन्क्रिप्टेड आहे म्हणजे बदलता येणार नाही, असं मीही इतकी वर्षं धरून चालले होते.

हे झालं बाहेरच्या माणसाचं. आतल्या माणसाला तर एवढीही खटपट नको. एका चॅनेलवर सगळ्यांची किल्ली एकच असते, म्हणून ज्याच्याकडे किल्ली आहे तो कोणाच्याही नोड क्रमांकाने बोलू शकतो. बारा जणांचा एकमेकांवर विश्वास असेल हो, पण बारा नोडांपैकी एक बसमध्ये विसरला तर? किल्ली नोडच्या मेमरीत उघडी असते. यूएसबीची वायर जोडून सेटिंग बाहेर काढायला काही मिनिटं पुरतात. ज्या नोडना पडदा नसतो त्यांचा ब्लूटूथचा पिन कारखान्यातून १२३४५६ असा येतो. तो न बदललेले नोड मला दर आठवड्याला भेटतात. शिवाय किल्ली महिनोन्‌महिने तीच राहते, त्यामुळे कोणी तुमचे निरोप आज नुसते साठवून ठेवले आणि किल्ली सहा महिन्यांनी मिळवली, तर मागचं सगळं एका दमात उघडतं. किल्ली सतत बदलत ठेवून मागचं बंदच राहील अशी सोय सिग्नलसारख्या ॲपमध्ये असते. इथे ती नाही.

आणि शेवटी, रेडिओ म्हणजे रेडिओ. हे नोड ज्या रेडिओ पद्धतीने बोलतात त्या लोराचा सिग्नल गोंगाटाच्या पातळीखालीही ओळखता येतो, म्हणूनच तो इतक्या कमी शक्तीत इतका दूर जातो. हा फायदा ऐकणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. साध्या वेगावर एक निरोप हवेत साधारण अर्धा ते दोन सेकंद असतो, आणि दिशादर्शक अँटेना घेतलेल्या माणसाला तुमच्याकडे बोट दाखवायला असे काही सेकंद पुरतात. यावर कुठलीही किल्ली चालत नाही. आपण कुठे आहोत हेच ज्याला लपवायचं आहे, त्याने रेडिओ बंद ठेवावा.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. मेशटॅस्टिकमध्ये एका माणसाला थेट पाठवलेला मेसेज पब्लिक कीने बंद होतो, म्हणजे तो चॅनेलवाल्यांनाही वाचता येत नाही, बरोबर ना? मग सगळे थेट मेसेजच का वापरत नाहीत?

उत्तर: बरोबर वाचलं आहेस. २०२४ मध्ये आलेल्या २.५ आवृत्तीपासून प्रत्येक नोडची स्वतःची किल्ल्यांची जोडी असते, एक जाहीर आणि एक खासगी, आणि थेट निरोप त्या जोडीने बंद होतो. शिवाय त्यावर मोहोरही असते, म्हणजे वर सांगितलेली ७ ची ९ करायची युक्ती तिथे चालत नाही. त्याआधी थेट निरोपही चॅनेलच्याच किल्लीने झाकले जायचे. फक्त ॲप ते इतरांना दाखवत नसे. एखाद्याचा नोड अजून जुन्या फर्मवेअरवर असेल तर त्याच्याशी बोलताना ही गोष्ट लक्षात ठेव.

पण किल्ली जन्माला कशी येते, याची एक गोष्ट तुला सांगते. २०२५ मध्ये असं उघडकीला आलं की काही नोडांच्या खासगी किल्ल्या एकसारख्या निघत आहेत. कारण अगदी साधं होतं. काही उत्पादकांनी एक नोड तयार केला, चालू करून पाहिला, आणि त्याच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत बाकीच्या नोडांत उतरवली. पहिल्या नोडमध्ये किल्ली तयार झालेलीच होती, ती सगळ्यांत गेली. शिवाय काही प्रकारच्या बोर्डांवर किल्ली बनवताना लागणारा यादृच्छिकपणाही पुरेसा मिळत नव्हता. दोन माणसांनी दोन दुकानांतून घेतलेले नोड आणि दोघांची खासगी किल्ली एक, असा तो प्रकार. २.६.११ या आवृत्तीत किल्ली तयार करण्याची वेळच पुढे ढकलली. वापरणारा माणूस पहिल्यांदा आपला प्रदेश निवडतो तेव्हा ती तयार होते, आणि माहीत असलेल्या फुटक्या किल्ल्या आढळल्या तर नोड सांगतो. त्यामुळे तुझा नोड आधीचा असेल तर फर्मवेअर अद्ययावत कर, नोड पूर्ण पुसून पुन्हा मांड आणि किल्ल्यांची जोडी नवी करून घे. नुसतं वरून अपडेट करून थांबू नकोस.

दुसरी अडचण ओळखीची. तुझ्या मैत्रिणीची जाहीर किल्ली तुझ्या नोडला कशी कळते? तिचा नोड आपली माहिती हवेत पाठवतो, त्यात किल्ली असते, आणि तुझा नोड पहिल्यांदा आलेल्या किल्लीवर विश्वास ठेवतो. ती किल्ली खरंच तिची आहे, हे हवेतून कळायला मार्ग नाही. म्हणून एकदा समोरासमोर बसा, दोघींच्या ॲपमध्ये किल्ली उघडा आणि अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. पाच मिनिटं लागतात. पुढे कधी ॲपने तिच्या नावाशी लाल किल्लीची खूण दाखवली तर किल्ली बदलली आहे. तिने नोड पुसला असेल, किंवा दुसरं कोणी तिच्या नावाने बोलत असेल. तिला विचारल्याशिवाय पुढे लिहू नकोस. आणि ते त्याच नोडवरून विचारू नकोस, भेटून विचार.

प्रश्न: मी पत्रकार आहे. इंटरनेट बंद केलेल्या ठिकाणी वार्तांकनाला जावं लागतं. वेगळं यंत्र बाळगणं शक्य नाही. फोनच्या ब्लूटूथवर चालणारी ॲप वापरावीत का? कुठलं?

उत्तर: तुमच्या बाबतीत चूक झाली तर भोगावं लागेल ते तुम्हाला आणि त्याहून जास्त तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाला, म्हणून जरा मागचं सांगून मग नाव सांगते.

२०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात फायरचॅट नावाचं ॲप हजारो लोकांनी घेतलं. त्यातल्या गप्पा सगळ्यांना वाचता येतील अशाच होत्या. ते ॲप गुप्ततेसाठी बनवलेलंच नव्हतं. पुढे तिथेच ब्रिजफाय लोकप्रिय झालं. २०२० मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा कोण कोणाशी बोलतं हे शोधता येत होतं, दुसऱ्याच्या नावाने बोलता येत होतं, बंद निरोप उघडता येत होते, आणि दाबून लहान केलेला एकच खोडसाळ निरोप सोडून सगळं जाळं बंद पाडता येत होतं. कंपनीने त्यानंतर सिग्नलचा प्रोटोकॉल आत बसवला. २०२२ मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि पुन्हा भोकं सापडली, कारण चांगलं कुलूप आणलं तरी ते दाराला नीट बसवावं लागतं. जुलै २०२५ मध्ये ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी बिटचॅट हे ब्लूटूथवर चालणारं ॲप आणलं. काही दिवसांतच एका संशोधकाने दाखवलं की आवडत्या संपर्काचं सोंग घेऊन दुसराच माणूस बोलू शकतो, आणि मग या ॲपची बाहेरून सुरक्षा तपासणी झालेली नाही अशी सूचना प्रकल्पावर लागली. त्यानंतर त्यात बरेच बदल झाले आहेत. तरीही ज्याचा जीव टांगणीला आहे त्याच्या हातात मी ते देणार नाही.

मी ब्रायर हे ॲप सुचवते. २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि त्याच्या आदल्या वर्षी बाहेरच्या तज्ज्ञांनी त्याची तपासणी केली होती. ते ब्लूटूथवर किंवा एकाच वाय-फायवर थेट फोनपासून फोनपर्यंत चालतं, इंटरनेट असेल तेव्हा टॉर या माग लपवणाऱ्या जाळ्यातून जातं, मेमरी कार्डावरूनही निरोप हातोहात नेता येतात. ओळख समोरासमोर क्यूआर स्कॅन करून पक्की करता येते. किल्ल्या बदलत राहतात. मला विशेष पटतं ते हे की खासगी निरोप अनोळखी फोनांतून उड्या मारत जात नाही.

त्याची किंमत मात्र समजून घ्या. तुमच्यात आणि समोरच्यात पन्नास पावलांचं अंतर पडलं की ब्लूटूथवरचा निरोप थांबतो आणि पुन्हा जवळ येईपर्यंत थांबूनच राहतो. फोनांपैकी ते फक्त अँड्रॉइडवर चालतं. पासवर्ड विसरलात तर सगळं गेलं, परत मिळवायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. सतत चालू ठेवलं तर बॅटरी खातं. आणि ब्लूटूथ चालू असलेला फोन आसपासच्यांना आपलं अस्तित्व सांगतच असतो. म्हणून जाण्याआधी, इंटरनेट असतानाच, ॲप उतरवा, ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांना भेटून जोडा, आणि नको असलेले जुने निरोप पुसून निघा. फोन हातातून गेला तर आतलं काय दिसेल, हा प्रश्न तुमच्या कामात रेडिओच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. फोनला लांब पासवर्ड लावा. बोटाचा ठसा कोणीही जबरदस्तीने लावून घेऊ शकतं.

प्रश्न: ब्रायरचा पल्ला आम्हाला पुरत नाही. डोंगर ओलांडून बोलायचं आहे आणि बोलणं खरोखर बंद राहायला हवं. काही मार्ग?

उत्तर: रेटिक्युलम ही दुसरी प्रणाली पाहा. तेही लोरावर चालतं, आणि बरेचदा तुमच्याकडे असलेल्याच बोर्डवर आरनोड नावाचं फर्मवेअर चढवून काम भागतं. फोनवर साइडबँड हे ॲप वापरता येतं. यात बंद करणं ही वेगळी सेटिंग नाही. प्रत्येकाचा पत्ता त्याच्या किल्लीतूनच निघतो, निरोपावर मोहोर असते, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटावर लिहिलेला नसतो. दोन टोकं जोडताना तात्पुरत्या किल्ल्या तयार होतात, म्हणून त्या जोडणीवर झालेलं बोलणं नंतर उघडता येत नाही. हे सगळं तीन छोट्या पाकिटांत, मिळून २९७ बाइटमध्ये उरकतं. लोरासारख्या अरुंद वाटेवर ही काटकसर बघून माझं मन भरून येतं. कोणीतरी एकेक बाइट मोजून हे बांधलं आहे.

त्याचेही दोष सांगते. बाहेरच्या तज्ज्ञांची सुरक्षा तपासणी झालेली नाही, हे प्रकल्प स्वतःच लिहितो. मांडणी किचकट आहे. आमच्या गटातल्या सहा जणांना ते शिकवायला मला तीन रविवार लागले. आणि दिशा शोधणाऱ्या अँटेनापासून तेही वाचवत नाही.

एवढं जमणार नसेल तर मेशटॅस्टिकवरच एक जुना उपाय करा. निघण्यापूर्वी कागदावर सांकेतिक आकड्यांचं पान तयार करा: सुखरूप, उशीर, परत फिरा, मदत हवी, हो, नाही, वेळा, जागा. प्रत्येकाला दोन आकडी संख्या, सगळ्या सारख्या लांबीच्या, म्हणजे पाकिटाच्या जाडीवरून काही कळणार नाही. प्रत्येक निरोपात वेळही घाला, म्हणजे कालचा पकडलेला निरोप आज कोणी पुन्हा सोडला तर लक्षात येईल. आणि आकडा आणि त्याची पडताळणी अशी जोडी ठरवा, जसं की तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेतला एककाचा. वाटेत एखादा बिट हलला तर बेरीज चुकेल. जाणूनबुजून आलेल्या हुशार माणसाला हे थोपवणार नाही, पण पान रोज बदललंत तर त्याचं काम पुष्कळ वाढेल. हौशी रेडिओच्या परवान्यावर बोलत असाल तर मात्र हे करू नका. बहुतेक देशांत त्या पट्ट्यांवर अर्थ लपवून बोलायला मनाई आहे.

जीव धोक्यात असेल तेव्हा गुप्तता बाजूला ठेवा. उघड्या चॅनेलवर, साध्या शब्दांत, नाव आणि जागा सांगून मदत मागा. उपग्रहावरून मदत मागणारी यंत्रं या कामासाठी चांगली आहेत, पण त्यांच्यात मधे कंपनी असते आणि काही देशांत परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. नेण्याआधी नियम पाहा.

प्रश्न: आमच्या भागातल्या एकाने आपला नोड इंटरनेटला जोडला आहे. आमचे निरोप तिथून बाहेर जातात का?

उत्तर: जाऊ शकतात. मेशटॅस्टिकमध्ये एमक्यूटीटी नावाची सोय आहे, तिच्यातून एखादा नोड ऐकलेली पाकिटं सर्व्हरवर चढवतो. सार्वजनिक सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. तुमचा चॅनेल उघड्या किल्लीवर असेल तर तुमच्या गप्पा आणि नकाशावरचं ठिकाण डोंगरापलीकडे नाही, जगात कुठेही दिसू शकतं. आपले निरोप इंटरनेटवर चढवायला परवानगी देणारी सेटिंग तुमच्या नोडमध्ये आहे, ती मुळात बंद असते, बंदच ठेवा. पण ती विनंती आहे. समोरच्याचं फर्मवेअर ती पाळेल तरच पाळली जाते.

प्रश्न: काल आमच्या गटातला एक नोड प्रवासात हरवला. आता काय करू?

उत्तर: आजच्या आज सगळ्यांना एकत्र बोलवा. नव्या नावाचा चॅनेल, नवी किल्ली, समोरासमोर क्यूआर, आणि जुना चॅनेल प्रत्येकाच्या नोडमधून काढून टाका. एकाच्याही नोडमध्ये राहिला तर तो माणूस त्यावर बोलत राहील. हरवलेल्या नोडची जाहीर किल्ली सगळ्यांच्या यादीतून काढा, आणि पुढे त्या नावाने थेट निरोप आला तर त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या नोडला दुरून हुकूम देण्याचा अधिकार त्या नोडला दिला होता का, तेही पाहा, आणि दिला असेल तर प्रत्येक नोडमधून तो काढा. त्या चॅनेलवर आजवर जे जे बोललात, जागा, वेळा, चाव्या, ते बाहेर गेलं असं धरून चाला आणि त्यातलं बदलता येण्यासारखं बदला. नोड नंतर सापडला आणि कोणी आणून दिला, तरी तसाच चालू करू नका. आधी पूर्ण पुसा, फर्मवेअर नव्याने चढवा, आणि मगच त्याला नवी किल्ली द्या.